दिवा वाढव

मंजे, लिहायला बसायच्या आधी तो दिवा वाढव. भर दुपारी कशाला जळत ठेवलाय.

आता हे काय केलंस? अजून एक लावलास की. अगं, वाढव म्हणलं मी. वाढव म्हंजे बंद कर. तुमी लातूरची पोरं क्लासला जाऊन जाऊन डाक्टर व्हताल, पर घरचं बोलणं विसरताल. आमच्या उदगीरला घरात कुणी 'दिवा विझव' म्हणायचं न्हाई. विझणं, फुटणं, सरणं, असले शब्द तोंडातून काढायचेच न्हाईत. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. सांजच्याला दुकान बंद केलं तर दुकान वाढवलं. तसा दिवा बी वाढवायचा. माझी सासू म्हणायची, दिव्याला विझ म्हणलं की तो ऐकतो आन् मनावर घेतो.

हासू नको. ह्याच शब्दानं तुझ्या नीलाआत्याची नांदेडात फजिती झालती. तिचंच लिहायचंय आज. तू मधी बोलू नको, मधी मधी बोलायला माझी मीच पुरी हाय.

नीलांबिका माझी धाकटी. तुझ्या बापाच्या, रेवणसिद्धाच्या पाठची. नाव तिच्या आज्यानं ठेवलं, तोंडात मावंना म्हून आमी नीला केलं. ती नाटकाला उजेड देती. नाटकात न्हाई, नाटकाच्या मागं. दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा, सांज झाली तर सांज दाखवायची, पहाट झाली तर पहाट, आन् आपुन अंधारात बसायचं, हे तिचं काम. गल्लीतल्या बाया इचारायच्या, उमाबाई, लेक काय करती नांदेडला? मी म्हणायची, दिवे लावती. बाया हासायच्या. त्यांना वाटायचं मी लेकीचं गाऱ्हाणं सांगून राहिले.

तुझ्या आज्याला तर हे आयतंच सापडलं. पाव्हणा येऊन टेकला की ह्यांचं सुरू, "पोरीला शिकायला नांदेडला धाडली, बघा काय दिवे लावले." पाव्हणा बिचारा चहात बघत बसायचा.

मला दिव्याचं काय न्हाई. माझं एकच मागणं होतं. आख्ख्या दुनियेला उजेडात आणणारी माझी लेक, तिला एकदा तिच्या कामावर, उजेडात उभी ऱ्हायलेली बघावी. डोळे भरून. देवाला बी मी दुसरं काय मागितलं न्हाई तिच्यापायी. लगनाचं मागितलं होतं आधी, ते सोडून दिलं.

आता लहानपणाचं लिही.

आमचं मोंढ्यात बारदान्याचं दुकान. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, फाटलेली शिवायची आन् आडतीवाल्याला द्यायची. घरात, अंगात, भाकरीत, सगळीकडं सुतळीचा वास. नीला थप्पीवर चढायची, पोत्यांची थप्पी छताला लागलेली असायची, तिथं वर जाऊन बसायची माकडावानी. तवा लाइट निम्मा दिवस जायची, आन् जायची ती नेमकी सांजच्याला. बारदान्यात उघडी चिमणी चालत न्हाई, एक ठिणगी पडली की सगळं खाक. म्हून काचेचा कंदील. आन् कंदील धरायचं काम नीलाचं. रेवण्या धरायचा तर त्याचं ध्यान बाहेर गोट्यांकडं.

ह्यांच्या हातात दाभण, मांडीवर पोतं. नीला कंदील धरून उभी. तिनं जरा उंच धरला की हे वरडायचे, "डोळ्यात न्हाई गं, सुईवर. सुईवर पाड." मग ती जरा खाली घ्यायची, जरा बाजूला घ्यायची, हाताचा आडोसा करायची. सुईच्या टोकापुरता उजेड, बाकी सगळं अंधारात. तसंच तासभर धरून ठेवायची पोरगी. हात दुखत न्हाई का म्हणलं तर म्हणायची, अव्वा, बघ की, अप्पाचे हात सोन्याचे दिसून राहिलेत.

आमच्यात आईला अव्वा म्हणतात, हे लिही, न्हाईतर वाचणारा म्हणंल ही कोण आली.

आन् दुसरं तिचं वेड म्हंजे येळवस, मार्गशीर्षातली अवस. येळवशीला आमच्याकडचं आख्खं माणूस शेतात असतं. कडब्याचं खोपटं, म्हंजे कोप, करायची, आत पाच दगडांची पांडवं मांडायची, शेंगा-भाज्यांची भज्जी, जवारीचे उंडे, ताकातली आंबील न्यायची, 'ओलगे ओलगे' म्हणत पिकात आंबील शिंपडायची. पोरं खाण्याकडं बघतात. ही दिस मावळायची वाट बघायची. दिस मावळला की हेंडगा पेटवतात ना, गवताची जळती पेंडी, आन् ती घेऊन पिकातून पळतात. तो उजेड हरभऱ्यावरून, जवारीवरून पळत जातो, जिथं गेला तिथलं पीक क्षणभर दिसतं आन् मागचं पुन्हा काळं व्हतं. पळायला मिळालं न्हाई तर नीला बांधावर उभी ऱ्हायची, पार हेंडगा पलीकडच्या बांधाला जाऊन वाढेपातूर. जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा.

नांदेडला गेली ती कालेजात. तिथं तिला मैत्रीण मिळाली लुंबिनी. ती नाटकात काम करायची, उंचीपुरी, आवाज असा की कुकरची शिट्टी लाजंल. एक दिवस ही तिच्यासंगं तालमीला गेली. लुंबिनी म्हणती, "काकू, मी तिकडं रडून रडून काम करून राहिले, आन् तुमची नीला स्टेजकडं बघंना. मान वर करून छताकडं बघत बसली. मला वाटलं पाल हाय." पाल नव्हती, दिवे होते. वर लोखंडी नळीला टांगलेले दिवे.

मग फोन आला. अव्वा, मी नाटकाचं शिकणार. ह्यांनी तिथूनच इचारलं, "तोंडाला रंग लावणार का?" ती म्हणली, "न्हाई अप्पा. लाइट." हे म्हणले, "लाइटीचं शिकायचं तर आयटीआयला जा की." असा बापलेकीचा संवाद. पर अडवलं न्हाई बघ. तोंडानं टोचायचे, वाट न्हाई अडवली.

तिथं शिकवायला राघवेंद्र सर होते, नाटक बसवणारे. पर हातात हात धरून शिकवलं ते मलप्पानं. मलप्पा देगलूरकडचा माणूस, थेटरातल्या लाइटीचं सगळं त्याच्याकडं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, उरलेलं तंबाखूत. त्यानं हिला बघितलं आन् म्हणला, "पोरीबाळीनं शिडीवर चढू नये."

ही म्हणली, "मामा, थप्पीवर चढून मोठी झाले मी."

"थप्पीवरून पडली तर खाली बारदाना असतो. इथं फरशी हाय."

आन् शिडीला हात लावू दिला न्हाई. आधी काचा पुसायला लावल्या. मग रंगीत कागद कापायला. दिव्यापुढं तो कागद लावला की उजेड निळा व्हतो, पिवळा व्हतो, ही त्यांची चांदणं करायची रीत. मग वायर गुंडाळायला. कोपराला घालून गुंडाळायची न्हाई, म्हणं, पीळ पडतो, आतनं तार तुटती. वायर जशी पडती तशी हातात घ्यायची, तिच्या मनासारखी. हे नीलानं मला फोनवर सांगितलं, लई खुशीत. ह्यांनी ऐकलं आन् म्हणले, "सुतळी तर घरी बी गुंडाळत होती."

सुट्टीला आली तवा बोटं बघितली मी. सगळी भाजलेली. त्या दिव्यांची टोपणं तापतात तव्यावानी, आन् उजेड हलवायचा तर हातानंच हलवावं लागतं. मी म्हणलं, बाई गं, आयुष्यात एक भाकरी केली न्हाईस, तव्याला हात लावला न्हाईस, आन् बोटं भाजून घेतलीस कुठं, तर नाटकात. ती हासली आन् म्हणली, "अव्वा, मलप्पा मामानं शिडी दिली मला."

आता फजिती.

त्यांच्याकडं डिमर म्हणून असतं. कंदिलाला वात वरखाली करायची कळ असती ना, तसल्या कळा, ओळीनं. एक एक कळ एक एक दिव्याची. पहिल्यांदाच हिला त्या कळांवर बसवलेलं. स्टेजवर लुंबिनी बसलेली, म्हातारीचं काम, मेलेल्या नवऱ्याची वाट बघून राहिलीय. सर खाली खुर्चीत. सर म्हणले, "नीला, आता हळूहळू वाढव."

हिनं वाढवलं. म्हंजे आपलं वाढवलं. कळ हळूच खाली घेतली.

"वाढव."

अजून खाली.

"अगं, वाढव की."

"वाढवून राहिले सर."

"वाढव, वाढव, वाढव."

तिनं टोकापातूर नेली. सगळं थेटर काळंकुट्ट. लुंबिनी अंधारातनं म्हणली, "सर, म्हातारी आंधळी हाय का?" सर उठून उभे ऱ्हायले, खुर्ची पडली वाटतं, म्हणले, "वाढव म्हणतोय ना मी." तर ही रडकुंडीला येऊन म्हणती, "सर, वाढवलं की सगळं, आता वाढवायला उरलंच काय न्हाई."

वरून शिडीवरून मलप्पा हासायला लागला. इतका हासला की त्याला खाली उतरता येईना. म्हणला, "सर, आमच्या मुलखात वाढव म्हंजे विझव. पोरगी तुमचंच ऐकून राहिलीय."

तवापासून तिथं 'वाढव' शब्द बंद. वर घे, खाली घे, असं म्हणायचे. नवीन पोरांना कळायचं न्हाई कामून ते. लुंबिनी तर तिला वाढवबाईच म्हणती, आजपातूर.

अशी ती शिकली. शिकली आन् आमाला पारखी झाली बघ. कामून की आपल्या सणाला त्यांचं नाटक. दिवाळी झाली की स्पर्धा लागतात, आज नांदेड, उद्या परभणी, परवा कुठं. येळवस तर नेमकी त्यातच. एक साल गेलं, दुसरं गेलं. मी भज्जी शिजवायची आन् पातेलं उतरवताना वाटायचं, हिला हे असलं कुठं मिळत असंल. भज्जी डब्यात घालून धाडता येती, पर दिस मावळतानाचं शेत कसं धाडायचं? हेंडगा निघाला की मी बांधावर तिच्या जागेवर बघायची. तिथं तुझा आज्जा उभा असायचा. मला बघितलं की म्हणायचा, बैल बघायला आलतो. बैल इकले त्याला जमाना झाला.

एकदा मी हट्टानं नांदेडला गेले, रेवण्याला घेऊन. म्हणलं नाटक बघू, लेकीला बघू. नाटक चांगलं होतं, मला समजलं न्हाई. मी आपली उजेड बघत होते. आता निळा झाला, ही नीला. आता लाल झाला, ही नीला. शेवटाला सगळे हात जोडून स्टेजवर आले, टाळ्या झाल्या. मी बाजूच्या बाईला इचारलं, लाइटवाली कवा येती? ती म्हणली, "लाइटवाले येत नसतात आजी, ते मागं बसतात." मी वळून बघितलं. लांब, वर, एक काचेची खोली, आत अंधार. एक डोकं हललं. माझ्या लेकीचंच असंल. मग बाहेर ती धावतपळत आली, घामानं भिजलेली, "अव्वा, जेवलीस का? टेंपो भरायचाय, आलेच," म्हणली आन् गेली ती गेली. येते म्हणून गेलेली पोरगी मला दुसऱ्या दिवशी फोनवर घावली.

मग एका सालच्या येळवशीच्या तोंडावर तिचा फोन. म्हणली, अव्वा, बंगळूरच्या नाटकवाल्यांनी बोलावलंय, संक्रांत झाली की जाणार. तिकडंच ऱ्हाणार. पर जायच्या आधी लातूरला नाटक हाय, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. येळवशीला आमी थेटरात दिवे लावत असू. तू ये.

हे म्हणले, "येळवशीला शेत सोडून नाटकाला जाती का बाई?" मी म्हणलं, पूजा करते, तुमाला वाढते, आन् निघते.

मंजे, तू तवा एवढीशी होतीस. तुमी सगळे शेतातच होता. हेंडगा बघायचा म्हून तू बापाला हलू दिलं न्हाईस. मी एकलीच निघाले. निघताना बघितलं तर हे कोपीमागं बसलेले. आंबिलीचं बिंदगं, म्हंजे छोटी घागर, भरून, त्याच्या तोंडाला फडकं लावून सुतळी आवळून राहिलेले. बारदान्याची गाठ, ह्यांची एकट्याचीच ती, ओढलं तर घट्ट व्हती आन् बोटानं सारलं तर सुटती. मला म्हणले, "हिंदकळंल, नीट ने."

एसटीत मी, डायवर आन् कंडक्टर. कंडक्टर म्हणला, "आजी, आख्खं लातूर शेताकडं गेलं, तुमी उलट्या कुठं निघाल्या?" मी म्हणलं, "लेक उलट्या बाजूला हाय बाबा." लातुरात उतरले तर रस्ते ओस. आटो न्हाई, गाडी न्हाई, शटर सगळी खाली. डोक्यावर बिंदगं, हातात भज्जीचा डबा, चालत गेले थेटरापातूर.

आत गेले तर गार अंधार. बाहेरच्या उन्हानं डोळ्यापुढं काजवे. कुणी दिसंना. म्हणलं, नीला.

तर अंधारातनं आवाज, "अव्वा, तू? देवानंच धाडली तुला. हायस तशी पुढं ये. पायऱ्या हायत, जपून. वर चढ."

"अगं, पर तू कुठं हायस?"

"इथंच हाय. वर चढ, पांढरी पट्टी हाय खाली, तिच्यावर उभी ऱ्हा. एकही पोरगं न्हाई इथं, सगळे कुणाकुणाच्या शेतावर भज्जी खायला गेले. लुंबिनीला बी नेलं. आन् माणूस उभं केल्याबिगर उजेड लावता येत न्हाई."

मी म्हणलं, "बिंदगं तरी उतरवू दे."

"नको नको, राहू दे. लुंबिनी उंच हाय. बिंदग्यासकट तू तिच्याएवढी व्हतीस."

वरून कुणी खोकलं. मलप्पा. शिडीवर होता, दिसला न्हाई. म्हणला, "नमस्कार बाई. आंबील सांडू नका, मला बी पायजे."

मग दिवा लागला. असा अंगावर आला की चुलीपुढं बसल्यावानी ऊब लागली. मी डोळे मिटले. म्हणलं, "डोळ्यात येऊन राहिलं गं."

आन् ती म्हणली, "मामा, डोळ्यात न्हाई, खाली. जरा खाली. सुईवर पाडा."

मलप्पा म्हणला, "कसली सुई?"

मी बिंदगं सावरलं आन् डोळे उघडले.

मग मला चालवलं. इथून तिथं, तिथं वळ, इथं बस, बिंदगं धरून ऊठ. मी म्हणलं, लेकीला बघायला मी इतक्या कोसावरून आले, आन् लेक मलाच नाचवून राहिली. ती हासली. हासलेलं ऐकू आलं, दिसलं न्हाई. उजेडात उभं असलं ना मंजे, की समोरचं काय बी दिसत न्हाई. भिंत असती काळी. तिथं माझी लेक होती आन् मला नुसता आवाज.

मी म्हणलं, "नीले, बाहेर ये की जरा. इथं ये माझ्यापाशी. मला तुझं तोंड बघू दे उजेडात."

"मी तिथं आले तर इथून कोण बघंल अव्वा?"

"मलप्पा बघंल."

वरून मलप्पा म्हणला, "मी एकदा उतरलो तर परत चढायचा न्हाई बाई. गुडघे गेले."

मग मी त्या पट्टीवर उभी ऱ्हायले. बराच वेळ कुणी काय सांगंना. चाल म्हणंना, वळ म्हणंना. मी म्हणलं, "झालं का?" मलप्पा म्हणला, "नीले, लागला की उजेड. पुढचा घेऊ."

ती म्हणली, "थांबा मामा."

"अगं, लागलाय बरोबर."

"थांबा म्हणते ना जरा."

आन् तवा मला कळलं. ती उजेड बघत नव्हती. मी लई सालं तिला बघायचं, बघायचं म्हणत होते, आन् ती तिथं अंधारात बसून मला बघून राहिली होती. पदर, हात, डोक्यावरचं बिंदगं. मी पदर नीट केला. ती म्हणली, "अव्वा, केस लई पिकले गं." मी म्हणलं, "तुझ्या दिव्यानं तसे दिसत असतील." "हाव," म्हणली, "दिव्यानंच."

मग जरा वेळानं म्हणली, "वाढवू का अव्वा?"

आता हे नाटकवालीचं वाढवू का घरचं वाढवू, मी इचारलं न्हाई. मी म्हणलं, "नको. राहू दे थोडं."

तिनं राहू दिलं. मान अवघडली माझी, पर मी हलले न्हाई. आन् मग तिनं तो उजेड हळूहळू खाली घेतला, इतका हळू की मला वाटलं माझेच डोळे जड होऊन राहिलेत. हेंडगा पार पलीकडच्या बांधाला जातो आन् आपुन म्हणतो, दिसतोय अजून, दिसतोय, तसा गेला तो. मग काळं.

त्या अंधारात तिचे पाय वाजले. पायऱ्या चढली. माझ्या डोक्यावरचं बिंदगं तिनं दोन्ही हातानं उतरवलं. तिचा हात माझ्या हाताला लागला, खरबरीत, सुतळीवानी, बापासारखा. मग बोटं त्या फडक्यावर फिरली, गाठीवर थांबली.

"अप्पानं बांधली?"

"हाव."

तिनं गाठ तशीच ठेवली. सोडंचना. मलप्पानंच वरून म्हणलं, "सोडा की, मी वाळून चाललो हितं."

मग ट्यूब लावली. बघितलं मी तिला, बघितलं की. वाळलेली, कपाळाला काळं लागलेलं, डोळे लाल. धुळीनं, म्हणली. आंबील प्याली आन् पांढऱ्या मिशा आल्या तिला, लहानपणी यायच्या तशाच. पर ट्यूब ती ट्यूब. आन् तेवढ्यात लुंबिनी आन् पोरं ढेकर देत आली, आन् नीला वायर गुंडाळत निघून गेली पडद्यामागं.

दुसऱ्या दिवशी नाटक झालं. मी पुढंच बसले. लुंबिनी येऊन त्या पांढऱ्या पट्टीवर उभी ऱ्हायली आन् तिच्यावर उजेड पडला, माझ्या मापाचा. डोळ्यात न्हाई, बरोबर जिथं पायजे तिथं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तिला. मी मागं वळून वाजवल्या. बाजूचा माणूस म्हणला, आजी, नाटक पुढं हाय.

उदगीरला आले तर ह्यांनी दारातच इचारलं, "मग, काय दिवे लावले?" मी म्हणलं, "सुईवर." हे बघत ऱ्हायले. मग आत गेले. तवापासून पाव्हण्यापुढं ते बोलणं बंद झालं बघ, एकदा बी आलं न्हाई त्यांच्या तोंडात.

संक्रांतीला ती बंगळूरला गेली. आता तिथंच. लांब लांब जाती नाटक घेऊन, परदेशात बी गेलती. फोटो धाडती, त्यात नाटकवाले असतात, ती नसती. मी फोटो रेवण्याला मोठा करायला लावते आन् त्यांच्या तोंडावरचा उजेड बघते. म्हणते, बरी हाय लेक.

आता येळवस तोंडावर आलीय. परवा फोन केलता. म्हणलं, नीला, ह्या येळवशीला येतीस का गं? अप्पा बांधावर उभा असतो, बैल बघायला. तिकडं लई गडबड होती, कुणीतरी तिला हाका मारत होतं, कन्नडातनं. ती म्हणली, "येते अव्वा." आन् फोन बंद झाला.

आमच्यात जाताना 'जाते' म्हणत न्हाईत, मंजे. जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं. फोन ठेवताना बी ती येतेच म्हणती, रोज. म्हून हे येते म्हंजे येते, का येते म्हंजे जाते, दोन दिवस झाले, मला उमगंना. परत करून इचारावं तर भ्या वाटतं.

बिंदगं मातूर मी औंदा मोठं घेतलंय.